जिल्हा दैनिकाच्या पुरवणीत प्रेम-लग्न-संसारावर सल्ल्याचं सदर लिहायचंय, सुरुवात कुठून करू?

आर्णीरोड

नमस्कार मंडळी. आमच्याकडच्या दैनिकाच्या साप्ताहिक पुरवणीत वाचकांच्या पत्रांना उत्तरं देणारं सदर सुरू करायचं ठरतंय आणि ते मी लिहिणार आहे. वाचक म्हणजे यवतमाळ जिल्ह्यातला आर्णी, दारव्हा, दिग्रस, घाटंजी हा पट्टा. कास्तकारांची घरं, एसटीनं कॉलेजला येणारी पोरं-पोरी, नवरा चाकणला कंपनीत अन् बायको इकडे सासूजवळ अशी जोडपी. माझं एम.ए. मराठीत आहे, मानसशास्त्राची पदवी नाही.

पदवीशिवाय हे काम करावं का? पत्रं कशी मागवायची? उत्तर किती लांब ठेवायचं? कायद्याचं काय सांभाळायचं? आणि यावर घर चालतं का, तेही खरंखरं सांगा. शहरातल्या सदरांमध्ये ‘वेगळं राहा’, ‘थेट बोला’ असे सल्ले असतात. इकडे वेगळं राहायचं म्हणजे चूल कुठे मांडायची, इथपासून प्रश्न असतो. म्हणून इकडची माणसं ओळखणाऱ्यांनी लिहावं.

पुरवणी_डेस्क

ताई, सदर लिहायला परवाना लागत नाही. र. धों. कर्वे गणिताचे प्राध्यापक होते आणि ‘समाजस्वास्थ्य’मध्ये वाचकांच्या अत्यंत खासगी प्रश्नांना उत्तरं देत. १९२७ पासून १९५३ पर्यंत त्यांनी ते मासिक चालवलं. या उत्तरांवरून त्यांच्यावर खटलाही झाला आणि १९३४ साली डॉ. आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली. दुसरीकडे मुंबईच्या इंग्रजी दैनिकात २००५ पासून लैंगिक प्रश्नांचं सदर लिहिणारे डॉ. महिंदर वत्स स्त्रीरोगतज्ज्ञ होते. दोन्ही चालतं. फक्त नावाखाली जे छापाल ते खरं असू द्या. ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ हे भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंद असलेल्यांसाठी आहे, ते लावू नका. नुसतं नाव पुरेसं आहे. शिकायचंच असेल तर समुपदेशनाचा एखादा डिप्लोमा करता येतो.

आता या कामातली सगळ्यात अवघड गोष्ट, आणि ती उत्तर लिहिणं नाही. पत्र लिहिणारी ओळखू येऊ नये, ही आहे. गावाला नाव लागतच नाही. साधारण हजार लोकवस्तीमागे एक आशा (गावातली आरोग्य कार्यकर्ती) असते. आरोग्य उपकेंद्र पाच हजार लोकवस्तीला, आदिवासी भागात तीन हजारांना, आणि तिथली एएनएम, म्हणजे परिचारिका, सगळ्यांना माहीत असते. ‘घाटंजी तालुक्यातली २९ वर्षांची एएनएम, नवरा शिक्षक, दोन मुली’ एवढं छापलं की दुपारपर्यंत पारावर घर ठरतं.

यावर बरेच जण तपशील बदलतात. शिक्षकाचा ग्रामसेवक करतात, दोन मुलींचा एक मुलगा. तसं करू नका. बदललेला तपशील दुसऱ्याच बाईवर जाऊन बसतो, आणि तिनं तर पत्रही लिहिलेलं नसतं. बदलण्यापेक्षा गाळा. तालुका गाळा, हुद्द्याच्या जागी ‘नोकरी करते’, वयाच्या जागी ‘तिशीच्या आत’, आडनावाचा किंवा समाजाचा इशारा देणारं सगळं बाहेर. ज्यावर उत्तर अवलंबून आहे तेवढंच ठेवा: लग्न झालंय की नाही, एकत्र राहतात की वेगळे, तिच्या हातात स्वतःचा पैसा येतो का.

मग गाळलेला मजकूर त्याच भागातल्या एखाद्या सहकाऱ्याला वाचायला द्या आणि ‘कोण वाटतं?’ एवढंच विचारा. त्यानं कुणाचंही नाव घेतलं, बरोबर असो की चूक, तर पत्र परत कापायला घ्या. आल्यावर चार ते सहा आठवडे थांबून छापा. साक्षगंधात (साखरपुड्यात) भांडण झालं आणि पुढच्याच आठवड्यात ‘साक्षगंध मोडू का?’ असं पत्र आलं, तर तपशील गाळूनही उपयोग नाही. ते दोन-तीन महिने तसंच ठेवा, तिला उत्तर खासगीत द्या.

लांबी: पत्र १०० ते १२० शब्द, उत्तर ३५० ते ४००. पत्र कितीही मोठं आलं तरी तुम्हीच कापायचं, पण शेवटचं वाक्य आधी दोनदा वाचा. खरा प्रश्न बहुतेक वेळा तिथे असतो. तीन पानं सासूबद्दल आणि शेवटी ‘ह्यांचा फोनही आता येत नाही’. उत्तर त्या फोनचं द्यायचं.

समुपदेशन_वऱ्हाड

डेस्कवाल्या दादांनी ओळखीचं सांगितलं ते अगदी खरं. मी पत्र हातात आल्यापासूनचं सांगते.

पत्रं पोस्टानं मागवाल तर गावच्या शाखा डाकघरात अक्षर ओळखणारं कुणीतरी असतंच. म्हणून पत्ता द्या, पण त्यासोबत व्हॉट्सॲपचा वेगळा नंबरही द्या. वेगळं सिम, बिझनेस ॲप, आणि त्यावर आपोआप जाणारा एक निरोप: ‘तुमचं पत्र मिळालं. जिवाला धोका असेल तर ११२. महिलांसाठी मदत १८१. मन फार खचलं असेल तर टेली-मानस १४४१६. वय १८ च्या आत असेल तर १०९८.’ हा निरोप चार ओळींच्या वर नेऊ नका.

घरात फोन एकच असतो, हे लक्षात ठेवा. तुमचं उत्तर रात्री नऊला गेलं आणि फोन दिराच्या हातात असला तर तुम्ही त्या बाईचा घात केलात. म्हणून स्वतःहून काही पाठवायचं नाही. ती लिहील तेव्हाच, त्याच वेळी उत्तर. पहिला प्रश्न नेहमी हाच: ‘आत्ता फोन तुमच्याकडेच आहे का?’ निरोप आपोआप पुसले जाण्याची सोय २४ तासांवर लावा. तो आपोआप जाणारा निरोपसुद्धा पुसून टाका, असं तिला सांगा.

आलेली पत्रं रोज वाचायची, आठवड्यातून एकदा नाही. वाचताना तीन ढीग. पहिला ढीग छापायचाच नाही: मारहाण, आत्महत्येचा विचार, १८ च्या आतलं लेकरू, फोटो-व्हिडिओ दाखवून धमकी. दुसरा डॉक्टर किंवा वकिलाकडे विचारून उत्तर द्यायचा. तिसरा सदराचा.

पहिल्या ढिगात एक शब्द बाहेरच्या माणसाला कळत नाही, तो म्हणजे ‘औषध’. आपल्याकडे फवारणीच्या विषाला औषध म्हणतात. ‘आता औषधच घ्यावं वाटते’ या वाक्यावर ‘हो, डॉक्टरांना दाखवा’ असं उत्तर गेलं तर काय होईल, विचार करा. इथे मात्र ती परत लिहायची वाट पाहू नका; असं वाक्य दिसलं की त्याच दिवशी संपर्क करा, फोन तिच्याकडेच आहे का हे आधी विचारून. आत्महत्येचा विचार येतो का, हे सरळ शब्दांत विचारा. विचारल्यानं विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. मग घरात फवारणीचं औषध आहे का विचारा आणि ते आजच दुसऱ्याच्या घरी किंवा कुलपात ठेवायला लावा. तिच्या विश्वासाचं माणूस कोण ते तिच्याकडूनच काढा, १४४१६ द्या. लाट ओसरेपर्यंत विष हाताशी नसणं, यानं जीव वाचतात. आणि असं काही छापायची वेळ आलीच तर पद्धत, जागा, चिठ्ठीतला मजकूर लिहायचा नाही. प्रेस कौन्सिलनं २०१९ मध्ये याची मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली आहेत, संपादकांना दाखवा.

मारहाणीच्या पत्रात ‘घर सोड’ असं लिहू नका. घर सोडतानाचा काळ सगळ्यात धोक्याचा असतो. आधी कागद (आधार, रेशनकार्ड, बँक पासबुक, लेकरांचे दाखले) एका जागी, थोडे पैसे, आणि जायचं कुठे ते नक्की. मग कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचे संरक्षण अधिकारी किंवा अशा बायकांना मदत करणारं जिल्ह्याचं सखी वन स्टॉप सेंटर. दोन्हीकडे जायला पैसे लागत नाहीत, हे मुद्दाम लिहा. बायका फीच्या भीतीनं जात नाहीत.

कॉलेजच्या पोरा-पोरींचे शरीराबद्दलचे प्रश्न येतील, भरपूर येतील. उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी ‘मैत्री क्लिनिक’ असतं, तिकडे पाठवा. जायच्या आधी वार आणि वेळ रुग्णालयात विचारायला सांगा.

तालुका_वकील

कायद्याचं लिहितो. सगळं नाही, जिथे सदर लिहिणारे हमखास अडकतात तेवढं.

वय १८ च्या आत असेल आणि पत्रात शारीरिक संबंधांचा उल्लेख असेल, तर ‘आमचं एकमेकांवर प्रेम आहे’ याला पोक्सो, म्हणजे बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या कायद्यात (२०१२) अर्थ नाही. कलम १९ प्रमाणे माहिती असणाऱ्या कुणालाही पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, पत्रकारही त्यात येतात. न कळवणं हा कलम २१ खाली गुन्हा. कलम २३ प्रमाणे त्या मुलाची किंवा मुलीची ओळख पटेल असं काहीही, अगदी शाळा किंवा वस्तीसुद्धा, छापता येत नाही. म्हणून सदराच्या चौकटीत कायम एक ओळ ठेवा की १८ खालच्यांनी पत्र न पाठवता १०९८ वर बोलावं. तरी पत्र आलंच तर त्याच दिवशी संपादक आणि वकील. एकट्यानं ठरवू नका. बलात्कारपीडितेची ओळख उघड करण्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, जुन्या भारतीय दंड संहितेतलं २२८-अ तेच.

पळून जाऊन लग्न करावं का, हा प्रश्न दर महिन्याला येईल. ‘करा’ आणि ‘करू नका’ दोन्ही लिहू नका. माहिती द्या. मुलगी १८, मुलगा २१ पूर्ण. धर्म वेगळे असतील तर १९५४ चा विशेष विवाह कायदा: दोघांपैकी एक जण त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहिलेला हवा, मग नोटीस, आणि ती ३० दिवस कार्यालयात लागते. ती नोटीस घरच्यांच्या कानावर जाते, हे लपवू नका. दोघंही हिंदू किंवा बौद्ध असतील आणि जात वेगळी असेल, तर १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात लग्न होतं आणि त्याला ही नोटीस नाही. इथेच निम्मी सदरं चुकतात, ‘कोर्ट मॅरेज’ म्हणत सगळ्यांना ३० दिवस सांगून मोकळी होतात. घरच्यांकडून जिवाची भीती असेल तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज. २०१८ च्या शक्ती वाहिनी निकालात सर्वोच्च न्यायालयानं अशा जोडप्यांच्या संरक्षणासाठी जिल्ह्यात विशेष कक्ष ठेवायला सांगितलंय, त्या निकालाचा उल्लेख अर्जात करायला लावा.

आता आपल्या भागाचं खास पत्र. नवऱ्यानं आत्महत्या केलेली तिशीतली बाई विचारते, ‘एक जण लग्नाला तयार आहे, मी करावं का? लोक काय म्हणतील?’ तुम्ही लोकांवर चारशे शब्द लिहाल. पण बहुतेक वेळा तिला अडवणारं माणूस लोक नसतात, दीर असतो, आणि त्यानं सांगितलेलं असतं की लग्न केलंस तर वावर गेलं. हे खोटं आहे. हिंदू वारसा कायद्यात (१९५६) मृत्युपत्र नसेल तर नवऱ्याच्या नावच्या जमिनीत बायको, लेकरं आणि सासू पहिल्या वर्गाचे वारस, प्रत्येकाचा सारखा वाटा. जमीन वडिलोपार्जित असेल तर नवऱ्याच्या वाट्याला येणारा हिस्सा असाच वाटला जातो. नवऱ्याच्या मृत्यूच्या वेळीच तिचा हक्क तयार झाला. नंतर लग्न केल्यानं तो जात नाही. म्हणून उत्तराच्या पहिल्या परिच्छेदात सातबारा: वारसनोंदीचा अर्ज तलाठ्याकडे दिला का, फेरफार झाला का, हक्कसोडपत्रावर सही तर घेतली नाही ना? हे ठरलं की मग मनाचं, लेकरांचं, नव्या घरी ती पोरं कुणाच्या नावानं वाढतील याचं. हा क्रम उलटा केलात तर तिला धीर मिळेल, पण निर्णय घेता येणार नाही. कागद घेऊन जायला तालुका विधी सेवा समिती आहे, महिलांना वकील मोफत मिळतो, हेल्पलाइन १५१००.

पुरवणी_डेस्क

पैशाचं राहिलं होतं. जिल्हा आवृत्तीत मानधन लेखामागे मिळतं, उशिरा मिळतं आणि नुसत्या सदरावर घर चालत नाही. हे धरूनच उतरा. सदरामुळे ओळख होते, त्यातून महाविद्यालयांतल्या कार्यशाळा, समाजांच्या परिचय मेळाव्यांत लग्नाआधीच्या बोलण्याची सत्रं आणि डिप्लोमा झाल्यावर समुपदेशनाची फी अशी कमाई जुळते. पत्र लिहिणाऱ्यांकडून मात्र एक रुपयाही घेऊ नका, आणि विवाह मंडळाची जाहिरात सदराला चिकटून येऊ देऊ नका. वाचकाला वाटतं सल्ला तिकडचाच आहे.

सुरुवातीलाच एका पानाचा करार करून घ्या. तुम्ही नोकरीत नसाल तर लेखनाचा हक्क तुमचाच असतो. लिहून, सही करून दिल्याशिवाय तो जात नाही, आणि करारात मुदत लिहिली नसेल तर तो पाच वर्षांपुरताच दिला असं धरतात. पुढे पुस्तक करायचं असेल तर हे लागेल.

आर्णीरोड

मनापासून आभार. ‘औषध’ आणि सातबारा, दोन्ही डोक्यात नव्हतं. दोनच प्रश्न उरले. पत्र वऱ्हाडीत आलं तर प्रमाण मराठी करायचं का? आणि पहिल्या महिन्यात पत्रंच आली नाहीत तर?

समुपदेशन_वऱ्हाड

वऱ्हाडी ठेवा, पण एक-दोन वाक्यंच. ‘माया जीव लागत नाही इथं’ याचं ‘मला इथे करमत नाही’ केलं की त्यातलं दुःख अर्धं होतं. मात्र बोली सरसकट वऱ्हाडी नाही. पुसद-दिग्रसकडे बंजारा घरं, मेळघाटात कोरकू, पूर्वेला झाडीबोली. एखाद्या शब्दावरून समाज कळत असेल तर तो शब्द काढाच. उत्तर तुम्ही साध्या बोलत्या मराठीत लिहा, ‘तुम्ही’ म्हणून. ‘बाळा’, ‘पोरी’ नको, एकदा उपदेशाचा सूर लागला की पुढचं पत्र येत नाही.

पुरवणी_डेस्क

पत्रं आली नाहीत तर खोटी लिहू नका. गावाकडचा वाचक बनावट पत्र लगेच ओळखतो, कारण त्यात पैसा, वावर आणि फोन कुणाचा यातलं काहीच नसतं. त्याऐवजी पत्राविना एकेक विषय घ्या आणि वरती तसं स्पष्ट लिहा. साक्षगंध ते लग्न या महिन्यांत फोनवर काय बोलावं, कर्ज किती ते कधी सांगावं. नवरा बाहेरगावी असताना घरखर्चाचा हिशोब कसा ठेवावा. कास्तकार मुलाचा बायोडाटा कसा लिहावा: एकर, ओलीत किती, कोरडवाहू किती, घरात बाथरूम आहे का, हे सगळं खरं. प्रत्येकाखाली नंबर आणि ‘नाव लिहू नका’ एवढी ओळ. पहिला विषय तुळशीच्या लग्नानंतरच्या आठवड्यात घ्या, तेव्हा घरोघरी सोयरिकीचीच बोलणी चालू असतात.