घरच्या कॉम्प्युटरला विकतचा अँटिव्हायरस घ्यावा का? फायरवॉल वेगळी लागते का?

पत्रिकावाली_कोल्हापूर
नमस्कार मंडळी. मी घरीच डीटीपीची कामं करते. लग्नपत्रिका, हँडबिलं, शाळांच्या प्रश्नपत्रिका. कॉम्प्युटर एकच, विंडोज १०, रॅम ८ जीबी. संध्याकाळी त्यावरच मुलगा अभ्यासाला बसतो आणि सासरे बँकेचं बघतात. गिऱ्हाइकं पेनड्राइव्ह घेऊन येतात, ते आधी कुठल्या कुठल्या झेरॉक्सच्या दुकानात लागून आलेले असतात. परवा एकावरच्या सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झालेले दिसले, मी तो लगेच काढला. आत्ताच्या अँटिव्हायरसची मुदत या महिन्यात संपते आहे. दुकानदार म्हणतो टोटल सिक्युरिटी घ्या, वर फायरवॉल वेगळी टाका. इतक्या वर्षांची कोरलची (डिझाइनच्या प्रोग्रामची) कामं यात आहेत, त्यामुळे जीव टांगणीला लागलाय. काय करू?

दुरुस्तीवाला_सांगली
ताई, वेगळी फायरवॉल अजिबात घेऊ नका. विंडोजमध्ये ती आहेच आणि चालूच असते. आपण न मागता बाहेरून कुणी जोडणी करायला आलं, तर ती अडवते. तुमच्या वायफायच्या राउटरवरही असाच एक अडसर असतो. फक्त नेटवर्क ‘पब्लिक’ ठेवलंय का ते बघा आणि राउटरचा कंपनीने दिलेला पासवर्ड आजच बदला. पण तुमचं संकट इंटरनेटवरून येत नाहीये, ते पेनड्राइव्हमधून येतंय. तिथे फायरवॉलचा काही उपयोग नाही.

अँटिव्हायरसचं म्हणाल तर विंडोजचा डिफेंडर घरच्या कामाला पुरतो, हे मी गिऱ्हाइकांची मशीनं बघून ठामपणे सांगतो. मुदत संपलेला अँटिव्हायरस मात्र तसाच पडू देऊ नका. तो पूर्ण काढा, मशीन रीस्टार्ट करा आणि विंडोज सिक्युरिटी उघडून डिफेंडर चालू झाल्याची खात्री करा. दुसरा अँटिव्हायरस असला की डिफेंडर बाजूला होतो, म्हणून हे डोळ्यांनी बघायचं.

शॉर्टकटच्या व्हायरसात खरे फोल्डर बहुतेक वेळा जागेवरच असतात, नुसते लपवलेले. त्यामुळे घाबरून पेनड्राइव्ह फॉरमॅट करू नका, आणि त्या शॉर्टकटवर क्लिक तर मुळीच नको. पेनड्राइव्ह लावला की आधी राइट क्लिक करून स्कॅन, मगच उघडायचा. एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये फाइलचं पूर्ण नाव दिसेल असं करून ठेवा. ‘पत्रिका.पीडीएफ.ईएक्सई’ अशी फाइल आली, तर शेवटचं ‘ईएक्सई’ लपलेलं नको, कारण ती पत्रिका नसून प्रोग्राम असतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले. घरगुती वापरासाठीची वाढीव मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे, तिच्यासाठी सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटमध्ये नोंदणी करावी लागते. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा रॅन्समवेअर, म्हणजे फायली कुलूपबंद करून पैसे मागणारा व्हायरस, पसरला, तेव्हा त्याला अडवणारा अपडेट मार्चमध्येच येऊन गेला होता. ज्यांनी तो घेतला नव्हता, त्यांच्याच फायली कुलूपबंद झाल्या.

ठाणेकर_काका
दुरुस्तीवाल्यांचं बरंचसं पटलं, पण सासरे त्याच मशीनवर बँक बघतात हे विसरू नका. विकतच्या पॅकेजात बँकेसाठी वेगळा सुरक्षित ब्राउझर मिळतो आणि अडलं तर फोन करायला कुणीतरी असतं. वयस्कर माणसाला त्याचा आधार वाटतो. आमच्याकडे पुण्याचा क्विक हील आहे, आणि पुढच्या वर्षीही तोच घेणार. मात्र फुकटचा घेताना जपून. अव्हास्ट या अँटिव्हायरस कंपनीने लोकांची ब्राउझिंगची माहिती विकली म्हणून अमेरिकेत २०२४ मध्ये १ कोटी ६५ लाख डॉलरचा दंड झाला.

दुरुस्तीवाला_सांगली
काका, आधार वाटतो हे खरं. पण एखाद्याने बँकेतून बोलतोय म्हणून एनीडेस्क (दुरून आपलं मशीन चालवू देणारा प्रोग्राम) टाकायला लावलं, तर विकतचा अँटिव्हायरसही गप्प बसतो, कारण तो प्रोग्राम आपण स्वतः टाकलेला असतो. सासऱ्यांना १९३० हा सायबर फसवणुकीचा नंबर लिहून द्या. पैसे गेले तर त्याच क्षणी तिथे फोन करायचा. आणि त्यांचं व मुलाचं वेगळं, साधं खातं काढा, अ‍ॅडमिनचं नको.

ताई, टोटल सिक्युरिटीचे पैसे एका बाहेरच्या हार्डडिस्कमध्ये घाला. रोज काम संपलं की कॉपी करायची आणि वायर काढून ठेवायची. लावलेलीच राहिली तर रॅन्समवेअर तीही खातो. डिफेंडरमध्ये ‘कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस’ म्हणून सोय आहे, ती मुळात बंद असते. चालू केलीत की अनोळखी प्रोग्रामला तुमच्या फायलींना हात लावता येत नाही. कामं डी ड्राइव्हवर असतील तर तो फोल्डर त्यात स्वतः जोडावा लागतो.

पत्रिकावाली_कोल्हापूर
दोघांचे मनापासून आभार. जुना काढला, डिफेंडर चालू आहे, डी ड्राइव्हवरचा फोल्डरही जोडला. पण आता कोरलमध्ये सेव्हच होत नाहीये!

दुरुस्तीवाला_सांगली
‘कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस’ने कोरललाही अडवलंय. तिथेच ‘अलाऊ अ‍ॅन अ‍ॅप’ आहे, त्यात अडवलेल्या प्रोग्रामांच्या यादीत कोरल दिसेल. ते निवडा आणि कोरल बंद करून पुन्हा उघडा. फक्त कोरलच निवडा. यादीत ओळखीचं नसलेलं नाव दिसलं, तर त्याला परवानगी न देता ते इथे लिहा, आपण बघू.