मदत हवी आहे: वडिलांना जन्मठेप झालीय, धाकट्या भावाला अजून माहीत नाही (गोवा)

नमस्कार. आयडी नवीन आहे, कारण जुन्या आयडीवरून मला इथे बरेच जण ओळखतात.

आम्ही पेडणे तालुक्यातले. २०२३ च्या मे महिन्यात आमच्या घराला आग लागली, त्यात आई गेली. लागली नव्हे, बाबांनी लावली. गेल्या महिन्यात निकाल आला. गुन्हा जुन्या कायद्याच्या काळातला म्हणून कलमं ३०२ आणि ४३६. मला स्वतःला शंका नाही. त्या रात्री साडेनऊला आईचा फोन आला होता, की मागच्या पडवीत पेट्रोलचा कॅन आणून ठेवलाय आणि विचारलं तर नुसता हसतो. मी पणजीला रूमवर होते. म्हटलं, झोप तू, उद्या येते. हे मी साक्षीतही सांगितलंय. त्या 'उद्या येते'बद्दल कृपया इथे कुणी समजूत घालू नका, त्यासाठी मी काउन्सेलरकडे जाते.

धाकटा त्या रात्री मामाकडे होता. तेव्हा सहा वर्षांचा, आता चौथीत. आई गॅसच्या आगीत गेली आणि बाबा बोटीवर गेले, असं आम्ही त्याला सांगितलं. आपल्याकडे हे सहज खपतं, त्याच्या वर्गातल्या चार पोरांचे बाप तारवटीच आहेत. पण ते बाप व्हिडिओ कॉल करतात, सुट्टीला चॉकलेटं घेऊन येतात. परवा याने मामाच्या मोबाईलवर जहाजं कुठे आहेत ते दाखवणारं ॲप शोधून काढलं आणि बाबांच्या बोटीचं नाव विचारलं. मामा म्हणाला, विसरलो बाबा. पोरगं काही बोललं नाही. मुरगाव बंदरातली एकेक टिकली दाबून नावं वाचत बसलं.

आता कोलवाळच्या जेलातून बाबांचं पत्र आलंय. अपिलाला साठ दिवस आहेत, चांगला वकील बघ, सिलिंडर लीक होता हे कुणी नीट मांडलंच नाही, वगैरे. दोन पानांत आईचं नाव एकदाही नाही. आजी (बाबांची आई) म्हणते, काजूचं भाट (बाग) विकू आणि वकील देऊ. मामा म्हणतो, त्याच्यासाठी एक पै निघाली तर माझ्या घरची पायरी चढू नका. आणि राहतो आम्ही मामाकडेच.

ज्याच्याविरुद्ध साक्ष दिली त्याच्या अपिलाची धावपळही मीच करायची का? नाही केली तर अपील बुडेल का? भाट आजी विकू शकते का? एक-चौदावर (जमिनीच्या उताऱ्यावर) आई-बाबा दोघांची नावं आहेत. आणि भावाला काय सांगू, कसं सांगू? हा शेवटचा प्रश्न खरं तर पहिला आहे.

---

कोर्टाच्या पायऱ्या: बार्देशात वकिली करतो. आधी धावपळीचं. तुम्ही काहीही करायचं नाहीये. कैद्याला निकालाची प्रत फुकट मिळते, तो तुरुंग अधीक्षकांमार्फत थेट हायकोर्टात अपील पाठवू शकतो. कोठडीतल्या माणसाला १९८७ च्या विधी सेवा कायद्याखाली मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. पत्राला उत्तर द्यायचंच झालं तर एवढंच लिहा: 'अधीक्षकांना सांगा.' न लिहिलंत तरी तुमच्यामुळे काही बुडत नाही. तुम्ही साक्षीदार आहात, लांब राहिलात तर उत्तमच.

भाटाचं. लग्नाआधी वेगळा करार झाला नसेल तर गोव्यात नवरा-बायकोची मिळकत सामाईक, अर्धी आईची. तो अर्धा तुम्हा दोघा भावंडांकडे येतो. आजीला विकण्याचा अधिकार नाही, बाबांनाही एकट्याला नाही. भाऊ अल्पवयीन आहे, त्याचा वाटा कोर्टाच्या परवानगीशिवाय हलत नाही. इन्व्हेंटरी (वारसांत मिळकत वाटण्याचा कोर्टातला दावा) घालून घ्या, २०१२ च्या कायद्याप्रमाणे. आणि सिंधुदुर्गातले नातेवाईक हिंदू वारसा कायद्याची कलमं सांगतील, ती ऐकून सोडून द्या. तो इथे लागू नाही.

भावासाठी पीडित नुकसानभरपाईचा अर्ज कुणी केला होता का? नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात लगेच विचारा. फोनवर १५१०० लावलात तरी चालेल.

काजूगर: ताई, एक राहवत नाही म्हणून. बाप खरं बोलत असेल तर? अमेरिकेत टेक्सासमध्ये १९९१ साली घराला आग लागून तीन लहान मुली गेल्या, बापाने लावली म्हणून त्याला २००४ मध्ये मृत्युदंड दिला. नंतर आगीच्या तज्ज्ञांनी सांगितलं की पुराव्याला शास्त्रीय आधारच नव्हता.

बंबवाला (निवृत्त): ती विलिंगहॅमची केस. तिथे जमिनीवरच्या जळक्या डागांवरून 'काहीतरी ओतलं होतं' असा निष्कर्ष काढला होता. पण खोली एकदम पेटली की जमीनही तशीच जळते, काही न ओतता. म्हणून नुसत्या डागांवर विश्वास ठेवू नये, हे बरोबर. इथे मात्र कॅन आहे, आईचा फोन आहे. सिलिंडरचं म्हणणं हायकोर्ट तपासेल, त्यासाठीच अपील असतं. ते ओझं या मुलीच्या डोक्यावर का टाकता?

शाळामास्तर: चौथीतलं पोर म्हणजे वर्गातून कधीही कळणार. मागे माझ्याच वर्गात एकाला भांडणात कळलं होतं, डबा खाताना. तुम्ही सांगा, मामा बरोबर असू द्या, घरातच, आणि झोपायच्या वेळी नको. सगळे तपशील नकोत. पण सांगाल ते खरं सांगा, कारण खोटं एकदा सापडलंय त्याला. ॲप उगाच नाही उघडलं त्याने. आणि त्याच्या वर्गशिक्षिकेला आधी विश्वासात घ्या.

---

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार. काजूगर, तुमचाही राग नाही, ती केस मीही रात्री दोन वाजता वाचली होती.

रविवारी सांगितलं. सकाळी, मामाच्या सोप्यावर. बाबा बोटीवर नाहीत, जेलात आहेत, घराला आग त्यांनी लावली, असं कोर्टाने ठरवलंय आणि मलाही तसंच वाटतं. तो बराच वेळ पायाने खुर्ची हलवत राहिला. मग विचारलं, जेल कुठे? म्हटलं, कोलवाळला.

"म्हणजे म्हापशाच्या बसला लागतं ते? पुलाच्या अलीकडे का पलीकडे?"

पलीकडे, म्हटलं. मग घावन मागितलं. दोन खाल्ली. ॲप अजून मोबाईलवर आहे, मी काढलेलं नाही.

आजीला भाटाचं सांगितलंय, ती बोलत नाही सध्या. पायऱ्या दादा, इन्व्हेंटरीसाठी आई-बाबांच्या सह्यांच्या (लग्ननोंदणीच्या) दाखल्याची प्रत लागेल ना? आमची घरातली जळली. पेडण्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारकडे मिळेल की लग्न जिथे नोंदलं त्या तालुक्यात, डिचोलीला, जावं लागेल?