घंटा वाजवणारा पोरगा कच्चा असतो का?

मैदानावरचा (धागाकर्ता)

गेली अकरा वर्षं मी पोरांना सैन्यभरतीसाठी तयार करतोय. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत, बीम (दांड्याला लटकून पुलअप), नऊ फुटांचा खड्डा, हे सगळं. प्रत्येक बॅचला पहिल्या दिवशी मी एकच वाक्य ऐकवायचो: "शरीर थकत नाही, मन थकतं." सोबत नेव्ही सीलचं, म्हणजे अमेरिकी नौदलाच्या कमांडोंचं, उदाहरण ठरलेलं. हे वाक्य मी आता म्हणणं सोडलंय. का, ते मांडतो. पटलं नाही तर खोडून काढा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: सील होण्याआधी कॅलिफोर्नियातल्या कोरोनाडोच्या किनाऱ्यावर २४ आठवड्यांचं निवड-प्रशिक्षण असतं. त्यातला 'हेल वीक' रविवारी संध्याकाळी सुरू होतो आणि शुक्रवारी संपतो. त्या साडेपाच दिवसांत झोप सगळी मिळून चार तासांच्या आसपास, पायाखालून जाणारं अंतर २०० मैलांहून जास्त, म्हणजे सव्वातीनशे किलोमीटर. रबरी होडी डोक्यावर, ओंडका खांद्यावर, मधूनमधून गार समुद्रात एकमेकांच्या हातात हात अडकवून पडून राहायचं. ज्याला नको वाटेल त्यानं पितळी घंटा तीनदा वाजवायची, हेल्मेट रांगेत ठेवायचं आणि निघून जायचं. सुरुवात करणाऱ्यांपैकी साधारण ७० ते ८० टक्के शेवटपर्यंत पोहोचत नाहीत.

हा ऐंशीचा आकडा आपण अभिमानानं सांगतो, जणू तोच दर्जाचा पुरावा. पण चाळणीतून बहुतेक दाणे खाली पडत असतील तर एकदा चाळणीची भोकंही बघायला हवीत. शिवाय आपण ऐकतो त्या सगळ्या गोष्टी पार पडलेल्यांच्या. ते म्हणतात, मी मनानं टिकलो. गुडघा फिरलेला, फुप्फुसात पाणी झालेला, तितक्याच मनाचा पोरगा भाषणं द्यायला येत नाही.

४ फेब्रुवारी २०२२ ला काइल मुलन हा २४ वर्षांचा उमेदवार हेल वीक पूर्ण करून काही तासांत गेला. शवविच्छेदनात न्यूमोनिया निघाला. त्या आठवड्यात त्याला श्वास घ्यायला त्रास होत होता, ऑक्सिजनही द्यावा लागला होता. आठवडा संपल्यावर तपासून बराकीत पाठवलं आणि लक्ष ठेवायला ठेवली वैद्यकीय प्रशिक्षण नसलेली नवी पोरं. नौदलाच्याच चौकशीनं वैद्यकीय देखरेखीतल्या त्रुटींवर बोट ठेवलं. त्या पोराचं मन कुठे कमी पडलं, ते मला कुणीतरी सांगा.

आणि आता माझं. दीड वर्षापूर्वी माझ्या एका पोराची नडगी दुखत होती. मी म्हणालो, "दुखणं डोक्यात आहे." त्यानं आणखी तीन आठवडे धावून दाखवलं. तपासलं तर हाडाला चीर. बरा होईपर्यंत एकवीस पूर्ण झाली, अग्निवीरची वयोमर्यादा गेली. आता तो गावात ट्रॅक्टर चालवतो. भेटला की मला अजूनही पाया पडतो, आणि ते मला सहन होत नाही.

सुभेदार_निवृत्त

सर, पोराबद्दल वाईट वाटलं. पण तुमच्या एका चुकीवरून तुम्ही निवडीचं तत्त्वच मोडीत काढताय. पायदळात चोवीस वर्षं काढली, म्हणून बोलतो.

दुखापत होऊन बाहेर जाणं वेगळं आणि स्वतःहून सोडणं वेगळं. तुम्ही दोन्ही एका पोत्यात भरलंत. हेल वीकमध्ये घंटा वाजते ती जास्त करून पहिल्या एक-दोन दिवसांत. तेव्हा हाडं शाबूत असतात, स्नायूंत ताकद असते. मग सोडतं कोण? मनच ना?

आणि घंटेला तुम्ही शिक्षा समजताय. मी तिला दया समजतो. आज किनाऱ्यावर, डॉक्टर शेजारी असताना सोडलं तर कुणाचा जीव जात नाही. हाच माणूस रात्री परक्या मुलखात, खांद्यावर जखमी साथीदार घेऊन, 'आता नको' म्हणाला तर? आपल्याकडे पॅरा स्पेशल फोर्सेसचं, म्हणजे लष्कराच्या कमांडो पलटणींचं, प्रोबेशन (निवडीचा परीक्षाकाळ) काय असतं, ते तिथून परत आलेल्यांना विचारा. आमच्या साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक अशाच एका पलटणीचे, २१ पॅराचे. नोव्हेंबर २०१५ मध्ये काश्मीरमधल्या कुपवाड्याच्या जंगलात ४१ राष्ट्रीय रायफल्सचे कमांडिंग ऑफिसर असून स्वतः पुढे होते, तिथेच वीरमरण आलं. असा माणूस सैल चाळणीतून मिळत नाही.

मैदानावरचा

सुभेदारसाहेब, पहिल्या दोन दिवसांत सोडतात हे मान्य. माझाही मुद्दा तिथूनच निघतो. त्या वेळी माणूस आत्ताच्या वेदनेनं सोडत नाही, पुढच्या चार रात्रींच्या हिशोबानं सोडतो. हा हिशोब न करणं शिकवता येतं. तिथल्या नौदलानंच मानसशास्त्रज्ञ बसवून पोरांना चार गोष्टी शिकवायला घेतल्या: लक्ष्य छोटं ठेवणं (पुढच्या जेवणापर्यंत, बस), प्रसंग आधीच मनात घडवून बघणं, स्वतःशी नीट बोलणं आणि श्वास ताब्यात ठेवणं. जे शिकवता येतं ते आधी शिकवायचं नाही आणि मग 'जन्मतःच कच्चा' म्हणून हाकलायचं, हा न्याय नाही.

श्वास_मोजणारी

मी आपत्कालीन विभागात डॉक्टर आहे. 'मन की शरीर' या वादात एक गोष्ट सुटतेय.

गार पाण्यात हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त छातीकडे ढकललं जातं. वर पाण्याचा दाब आणि जोरात पोहणं. फुप्फुसातल्या बारीक वाहिन्यांवरचा ताण इतका वाढतो की पाणी वायुकोशांत झिरपतं. धडधाकट, तरुण पोहणाऱ्यांना हे होतं. खोकला येतो, गुलाबी फेस पडतो, धाप लागते. वेळेत बाहेर काढलं तर बहुतेक जण एक-दोन दिवसांत सावरतात. त्यावर जंतुसंसर्ग बसला आणि दुर्लक्ष झालं तर जीव जातो. तसंच स्नायूंचं: अतिश्रमानं ते विरघळू लागतात आणि मूत्रपिंडं बंद पडू शकतात.

आता सांगा, हे सगळ्यात जास्त लपवणार कोण? ज्याचं मन सगळ्यात घट्ट तो. सुभेदारकाका, तुमची चाळणी ज्याला सर्वोत्तम ठरवते, त्याचाच जीव ती आधी धोक्यात घालते. ब्रिटनमध्ये ब्रेकन बीकन्सच्या डोंगरात जुलै २०१३ मध्ये एसएएस या तिथल्या कमांडो दलाच्या निवडीच्या चालीत तीन राखीव सैनिक उष्माघातानं गेले. तिथे गार पाणी नव्हतं, ऊन होतं. न थांबण्याची वृत्ती तीच.

सुभेदार_निवृत्त

डॉक्टरबाई, डॉक्टरला सांगणं म्हणजे घंटा वाजवणं नव्हे. आजारी पडलेल्याला पुढच्या बॅचमध्ये घेतात, तिथेही आणि एनडीएतही. आपल्याकडे त्याला रेलिगेशन म्हणतात. लपवतो तो घट्ट मनाचा नाही, अर्धवट शिस्तीचा.

श्वास_मोजणारी

काका, साडेचार दिवस जागा असलेला माणूस स्वतःच्या छातीबद्दल शहाणा निर्णय घेईल, ही अपेक्षाच चुकीची आहे. झोप काढून घेतली की निर्णयशक्ती ढासळते. म्हणून तो निर्णय दुसऱ्यानं घ्यायचा असतो. मुलननंतर त्यांनी हृदयतपासणी वाढवली, आठवडा संपल्यावरही वैद्यकीय पहारा ठेवला. निवड बंद पडली नाही ना?

सॅनडिएगोकर

मी कोरोनाडोपासून वीस मिनिटांवर राहतो. सकाळी तिथल्या सिल्व्हर स्ट्रँड किनाऱ्यावर गेलं की कधी कधी डोक्यावर होडी घेतलेल्या तुकड्या दिसतात. अंगाला वाळू चिकटलेली, माना वाकलेल्या. कॅमेरा काढावासा वाटत नाही.

दोन गोष्टी सांगतो, एक धागाकर्त्याच्या बाजूची, एक विरुद्ध.

बाजूची: अधिकाऱ्यांमध्ये गळतीचं प्रमाण जवानांपेक्षा बरंच कमी असतं. कारण अधिकाऱ्यांना कोरोनाडोच्या मुख्य कोर्सआधीच वेगळ्या निवडीतून गाळून घेतात. जवानांसाठी प्रवेशाची किमान पातळी मात्र ५०० यार्ड पोहणं साडेबारा मिनिटांत, ५० जोर, १० पुलअप, दीड मैल साडेदहा मिनिटांत, अशी आहे. एवढ्यावर येणारा टिकणं अवघड, हे नौदल स्वतःच सांगतं. मग ऐंशी टक्क्यांतला मोठा वाटा प्रवेशद्वारावरच ठरलेला असतो. मनाचा त्यात संबंध थोडा.

विरुद्ध: गळती कमी दिसावी म्हणून कोर्स मऊ केला तर पुढच्या पलटणीत त्याची किंमत मोजावी लागेल. दार अरुंद करा, आतली पायरी कमी करू नका.

आणि एक, ज्याबद्दल कुणी बोलत नाही. सोडणाऱ्याचा नौदलाशी झालेला करार संपत नाही. अनेकांना हवा तो कामाचा प्रकार न मिळता जहाजावर गंज खरवडायला, रंग मारायला पाठवतात. एकवीस वर्षांचा, लहानपणापासून एकच स्वप्न पाहिलेला मुलगा. त्याला ही भीती असताना तो आजार सांगेल?

परत_आलेला

इतका वेळ वाचत होतो. मी आपल्याकडच्या अशाच एका निवडीतून स्वतःहून परत आलोय. कुठली ते सांगत नाही.

सुभेदारसाहेब, मी पाण्यात सोडलं नाही. ओझ्याखालीही नाही. रात्री तीनला गाडीच्या मागच्या फळीवर बसलो होतो, पुढच्या टप्प्याची वाट बघत. वीस मिनिटं काहीच करायचं नव्हतं. अंग सुकत होतं, आणि सुकताना थंडी जास्त वाजते. शेजारचा म्हणाला, "अजून सहा दिवस." तेवढंच. मी उठून सांगून आलो. त्या वेळी माझ्या शरीराला काहीही झालं नव्हतं, हे कबूल करतो. तुमचं म्हणणं माझ्यापुरतं खरं आहे.

पण नंतर युनिटमध्ये परतलो. एका कारवाईत चौदा तास बर्फात पडून होतो आणि उठावंसं वाटलं नाही, कारण बाजूला माझा सेक्शन, माझ्या तुकडीतली पोरं, होता. तर माझं मन कच्चं की पक्कं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. त्या गाडीतल्या शेजाऱ्यानं "चल, चहा येईल आता" म्हटलं असतं तर बहुधा मी बसून राहिलो असतो.

सुभेदार_निवृत्त

बेटा, चौदा तास बर्फात म्हणजे काय ते मला माहीत आहे. तुला कच्चं म्हणणारा मी कोण? माझ्या आधीच्या लिहिण्यात तुझ्यासारख्यासाठी जागा नव्हती, ती चूक माझी.

तरी चाळणीबद्दल मत बदलत नाही. त्या कामाला तो क्षण एकट्यानं ओलांडणाराच लागतो. शेजारी असा असेलच याची खात्री तिथे नसते.

मैदानावरचा

साहेब, आपलं यावर जमणार नाही, ठीक आहे. डॉक्टरताई, एक विचारतो, उद्या सकाळी साडेपाचला माझ्यासमोर साठ पोरं असतील. नडगी दुखते म्हणणाऱ्याचं मी मैदानावर काय करू?

श्वास_मोजणारी

दादा, बूट-मोजे काढायला लावा. अंगठ्यानं हाडाच्या आतल्या कडेवर वरून खालपर्यंत दाबत जा. वीतभर पट्टा दुखत असेल तर धावणं कमी, बर्फ, आराम. एकाच ठिकाणी, बोट ठेवता येईल एवढ्या जागी कळ येत असेल, किंवा एका पायावर उडी मारताना तिथेच टोचत असेल, तर त्या दिवसापासून धावणं बंद आणि हाडांचा डॉक्टर. पहिल्या एक्स-रेत चीर दिसत नाही असंही होतं. तेव्हा 'एक्स-रे साफ आहे, पळ' असं म्हणू नका.

मैदानावरचा

लिहून घेतलं. पोरांच्या देखत करून दाखवतो, म्हणजे एकमेकांचं तेच बघतील.