५३ पॉइंटने हरलेली टीम चॅम्पियन कशी काय होते? (लास वेगास एसेस, २०२५)

भुसावळ_पॉइंटगार्ड
नमस्कार मंडळी. मी शाळेच्या मुलींची बास्केटबॉल टीम बघतो. जिल्हा स्पर्धेत पोरी भलत्याच मार्जिनने हरल्या आणि आता दोघी-तिघी म्हणता, सर आम्ही प्रॅक्टिसला येतच नाही. पुतण्या म्हणे त्यांना डब्ल्यूएनबीए म्हणजे अमेरिकेतल्या बायकांच्या बास्केटबॉल लीगमधल्या एसेसचं सांगा, त्या घरच्या कोर्टवर मिनेसोटा लिंक्सकडून १११-५८ अशा हरल्या आणि त्याच सीझनला ट्रॉफी उचलली. मी तो सीझन बघितला नाही. नेमकं बदललं काय? कोचने भाषण ठोकलं आन् सगळ्या पेटून उठल्या असलं पिक्चरवालं नका सांगू, पोरी हसतील मला.

रावेरचा_केळीवाला
सर ती मॅच २ ऑगस्टची, आपल्याकडं कानबाईचा रविवार उजाडला होता. मी घरात रोटाच्या गडबडीत मोबाईलवर स्कोअर बघितला तर वाटलं ॲप बिघडलं. तोवर एसेस १४ जिंकलेल्या १४ हरलेल्या, म्हणजे प्लेऑफलाच, साखळीनंतरच्या बाद फेरीलाच, जाता की नाही अशी गत, कारण तेव्हा १३ टीमांतून ८ च पुढं जायच्या. दुसऱ्याच दिवशी परत मॅच होती, गोल्डन स्टेट टीमला हरवलं, आणि तिथून ओळीने १६ जिंकल्या, ३०-१४ वर सीझन संपवला. भाषण कोचचं नाही पण एसेसची स्टार प्लेयर एजा विल्सनने टीमला मेसेज टाकला होता, ज्यांना कालच्या हरण्याची लाज वाटली नाही त्यांनी जिममध्ये येऊच नका, अशा अर्थाचा. हे पोरींना सांगता येईल, जरा जपून 😄

धुळ्याचा_भो
जाऊ द्या ना भो, एवढं काय त्यात. नशीब पण पाहा ना. लिंक्स ३४-१० वाली टीम, तिची स्टार प्लेयर नफीसा कॉलिअर सेमीफायनलला फिनिक्सविरुद्ध जखमी झाली आणि लिंक्स तिथंच बाहेर. दुसऱ्या सेमीफायनलला इंडियानाकडं त्यांची स्टार केटलिन क्लार्क नव्हतीच, जांघेच्या दुखापतीने सीझन गेला तिचा, तरी त्यांनी एसेसला पाच मॅचपर्यंत ओढलं. ती पाचवी खंडेनवमीच्या सकाळी मी गाडी पुसता पुसता बघत होतो, ओव्हरटाइमला गेली तेव्हा फडकं हातातच राहिलं. १०७-९८. क्लार्क असती तर?

चाळीसगाव_डिफेन्स
असती तर, नसती तर, याला काय अर्थ आहे दादा. पाचव्या मॅचला विल्सनचे ३५ आणि जॅकी यंगचे ३२, ते काय नशिबाने पडले का. आणि नुसत्या नशिबाने ओळीने १६ कोणी जिंकत नाही.

सर, मी कॉलेजला युनिव्हर्सिटीपर्यंत खेळलेय म्हणून सांगते, मेसेजपेक्षा ज्वेल लॉइडचं सांगा. एसेसची केल्सी प्लम दुसऱ्या टीमला गेली आणि त्याच ट्रेडमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या अदलाबदलीत, ही सिअ‍ॅटलहून आली, मोठं नाव, कायम स्टार्टर. त्या हारीनंतर ती बेंचवरून यायला लागली आणि सुरुवातीच्या पाचात कीर्स्टन बेल आली. लॉइड दमलेल्या डिफेन्सवर ताज्या पायाने उतरायची, बेल स्कोअर कमी करते पण जीव तोडून डिफेन्स करते. रुसवा नाही फुगवा नाही. आपल्याकडं स्टार्टिंग फाइव्हमधून काढलं की पोरगी आणि तिचे पप्पा दोघं ग्राउंडवर येणं बंद करता, खरं की नाही? नलिसा स्मिथ पण सीझनच्या मध्येच डॅलसहून आणलेली, आत रिबाउंडला माणूस मिळाला. कोच बेकी हॅमनने जागा बदलल्या, जादू बिदू काही नाही.

भुसावळ_पॉइंटगार्ड
ताई पप्पांचं अगदी बरोबर बोललात 😅 आमच्याकडं एक उंच मुलगी आहे, सुरुवातीला लय दम लावते आणि तिसऱ्या क्वार्टरला संपते. तिलाच दुसऱ्या क्वार्टरला उतरवून बघतो. पण तिला समजवायचं कसं?

चाळीसगाव_डिफेन्स
आधी तिला एकटीला सांगा, सगळ्यांसमोर लिस्ट वाचू नका. आणि शेवटच्या पाच मिनिटांत तू कोर्टवर असशीलच हे कबूल करा, आणि पाळा.

रावेरचा_केळीवाला
फायनलची तिसरी मॅच दाखवा त्यांना. संपायला सेकंदही उरला नव्हता, विल्सनने वळून टाकला आणि ९०-८८. फिनिक्सला ४-० हरवलं शेवटी, पहिल्यांदाच फायनल सात मॅचची ठेवलेली आणि चारातच आटोपली.

धुळ्याचा_भो
फायनलला तर मानलं भो. विल्सनचं चौथं एमव्हीपी, म्हणजे सीझनच्या सर्वोत्तम खेळाडूचं बक्षीस, पण त्याच वर्षी, तिथं वाद नाही. क्लार्कचं मात्र मी बोलतच राहणार.