शाळेला संगणक देण्यापूर्वी हार्ड डिस्क पूर्णपणे कशी पुसावी?

पाऊलवाट
नमस्कार. माझे वडील करसल्लागार होते. त्यांच्या कार्यालयातील डेस्कटॉप आम्ही आता गावच्या शाळेला देणार आहोत. त्यात २४० जीबीच्या एसएसडीवर (चिपमध्ये माहिती साठवणाऱ्या डिस्कवर) विंडोज १० आहे, तर ५०० जीबीच्या हार्ड डिस्कवर पंधरा वर्षांची अशिलांची कागदपत्रे आहेत आणि त्यांत पॅन व आधारच्या प्रतीही आहेत. लोकांनी वडिलांवर विश्वास ठेवून ती दिली होती, त्यामुळे त्यांतले एक पानही दुसऱ्याच्या हाती लागू नये, अशी माझी मनापासून इच्छा आहे. क्विक फॉरमॅट पुरेसे होईल का? एका परिचितांच्या मते डिस्क ३५ वेळा पुसावी लागते. तसेच, विंडोजचा परवाना पुन्हा विकत घ्यावा लागेल का?

जुनेजाणते
क्विक फॉरमॅटवर अजिबात विसंबू नका. त्यात फाइली कुठे आहेत याची नोंद तेवढी नव्याने तयार होते. मूळ मजकूर डिस्कवर तसाच राहतो आणि मोफत मिळणाऱ्या रिकव्हरी प्रोग्रॅमनेही तो परत काढता येतो. ३५ वेळांचा आकडा पीटर गुटमन यांच्या १९९६ च्या शोधनिबंधातून आला असून तो त्या काळच्या निरनिराळ्या प्रकारच्या डिस्क लक्षात घेऊन ठरवलेला होता. आजच्या हार्ड डिस्कवर सर्वत्र एकदा शून्ये लिहिली की काम होते.

त्यासाठी ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोजचे इन्स्टॉलेशन तयार करा, संगणक त्यावरून सुरू करा आणि पहिल्याच पडद्यावर शिफ्ट व एफ१० दाबून येणाऱ्या आज्ञांच्या खिडकीत 'डिस्कपार्ट' (diskpart) टाइप करून हा डिस्क हाताळण्याचा प्रोग्रॅम उघडा. 'लिस्ट डिस्क'मध्ये आकार पाहून योग्य डिस्क निवडा आणि 'क्लीन ऑल' ही आज्ञा द्या. नुसते 'क्लीन' दिल्यास फक्त विभागणी पुसली जाते, मजकूर नाही. ही चूक फार जण करतात. सेकंदाला १०० एमबी या वेगाने ५०० जीबीला साधारण दीड तास लागेल, जुनी डिस्क त्याहून अधिक वेळ घेईल.

एसएसडीची गोष्ट वेगळी आहे. तिच्यातील नियंत्रक मजकूर वेगवेगळ्या पेशींत फिरवत असतो आणि काही राखीव पेशींपर्यंत विंडोज पोहोचतच नाही, म्हणून तिथे बायोसमधील (संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमधील) किंवा उत्पादकाच्या प्रोग्रॅममधील 'सिक्युअर इरेझ' वापरावे.

परवाना डिजिटल स्वरूपाचा असेल, तर तो मदरबोर्डशी जोडलेला असतो. तीच आवृत्ती पुन्हा टाकून इंटरनेट जोडले की तो सहसा आपोआप सक्रिय होतो. मात्र विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असल्याने, संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नसेल तर शाळेसाठी लिनक्स मिंट ही मोफत कार्यप्रणाली टाकावी, असे माझे मत आहे.

टंकलेखक
पुसण्याआधी एक विनंती. वडिलांची जुनी मराठी पत्रे श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फाँटमध्ये असण्याची दाट शक्यता आहे. ते फाँट विंडोजच्या फोल्डरमध्ये असतात, त्यामुळे केवळ कागदपत्रांची प्रत घेतलीत तर दुसऱ्या संगणकावर मराठीऐवजी निरर्थक इंग्रजी अक्षरे दिसतील. फाँट जपून ठेवा, महत्त्वाच्या पत्रांच्या पीडीएफ करा, टॅलीचा डेटा आणि आउटलुकची पीएसटी फाइल (तिच्यात ईमेल साठवलेले असतात) विसरू नका. हे सारे दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिल्याशिवाय 'क्लीन ऑल'ला हात लावू नका.

पाऊलवाट
दोघांचेही मनापासून आभार. पत्रे भावाच्या संगणकावर उघडली, तेव्हा खरोखरच इंग्रजी अक्षरे दिसली; फाँट टाकल्यावर वडिलांचा मजकूर वाचता आला. आता एकच अडचण आहे. हार्ड डिस्क मधूनच टकटक आवाज करते आणि काही फाइली उघडताना संगणक अडकतो. तरीही ती पुसून द्यावी का?

जुनेजाणते
देऊ नका. डिस्कच्या खराब झालेल्या सेक्टरवर (छोट्या भागावर) शून्ये लिहिली जातीलच असे नाही आणि जुना मजकूर तिथेच राहू शकतो. शिवाय अशी डिस्क शाळेत फार दिवस टिकणार नाही. राहिलेल्या फाइलींची प्रत लगेच घ्या, मग डिस्क काढून तिच्या आतल्या चकत्यांतून ड्रिलने आरपार भोके पाडा. शाळेला एसएसडीसह संगणक द्या. मुलांच्या कामासाठी २४० जीबी पुरेशी आहे.