मदत हवी आहे: एमआरआय चांगला आला, आता नवतपा (मे अखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस) कसा काढायचा?

बहिणीला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे (मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांवरचं मायलिन हे आवरण झिजवणारा आजार). यंदाच्या एमआरआयमध्ये नवा डाग एकही नाही, कॉन्ट्रास्ट (शिरेतून दिलेलं रंगद्रव्य) देऊनही काही उजळलं नाही, म्हणजे ताजी सूज नाही. औषध लागू पडलंय, तेच चालू राहील.

प्रश्न नागपूरच्या उन्हाचा. अंगातली उष्णता अर्धा अंश वाढली तरी मायलिन झिजलेल्या नसांतून संदेश अडखळतो. एका डोळ्याला धूसर दिसतं, पाय ओढला जातो. गारव्यात बसलं की उतरतं, म्हणून तो रिलॅप्स (आजाराचा नवा झटका) नव्हे. ताप किंवा लघवीचा संसर्ग नसताना नवा त्रास २४ तासांवर टिकला, तर मात्र रिलॅप्सची शंका.

मे महिन्यात कोरडी हवा असते, वाळ्याच्या ताट्यांचा कूलर भागवतो. पावसाळा लागला की तोच कूलर नुसती चिकचिक करतो.

साधारण १५ अंशांवर गोठणाऱ्या पॅकचं कूलिंग जॅकेट सीताबर्डी-धंतोलीकडे कुठे मिळेल? बर्फाचे पॅक नकोत, थेट गारठ्याने पायाचे स्नायू आखडतात. शिवाय तिच्या औषधाची, ग्लॅटिरामरची, इंजेक्शनं २ ते ८ अंशांत ठेवायची असतात. लाइट चार-पाच तास गेली तर काय करता? (खोलीत ३० अंशांपर्यंत महिनाभर चालतात, पण मे महिन्यात इथली खोली ३० वर थांबते कुठे!)