गच्चीवरच्या डिशने कृष्णविवराजवळचं डार्क मॅटर सापडेल का?

खगोलवेडा_नाशिक
केबलवाल्याची सहा फुटी जाळीची डिश भंगारच्या भावात मिळतेय. डब्याचा फीड (डिशने गोळा केलेल्या लहरी पकडणारा भाग), लो-नॉइज ॲम्प्लिफायर (क्षीण सिग्नल वाढवणारा) आणि आरटीएल-एसडीआर डोंगल (संगणकाला जोडायचा छोटा रेडिओ) जोडायचा बेत आहे. आकाशगंगेच्या केंद्रातल्या कृष्णविवराभोवती डार्क मॅटर, म्हणजे न दिसणारं पण गुरुत्वाकर्षणाने जाणवणारं द्रव्य, दाटलेलं असावं म्हणतात. डिश धनू राशीकडे धरली तर काही माग लागेल? गच्ची गंगापूर रोडला, दक्षिण मोकळी. १२ सेंमी व्यासाचा डबा हाताशी आहे.

एकवीस_सेंमी
विवराचा नाद सोडा, डिश मात्र घ्या: तिने आकाशगंगेतल्या हायड्रोजन वायूच्या रेडिओ लहरी टिपून त्याचा फिरण्याचा वेग मोजता येईल. तिचा बीम, म्हणजे एका वेळी दिसणारा आकाशाचा तुकडा, ८ अंशांचा; विवराची सावली, म्हणजे त्याच्या तेजस्वी कड्याच्या आतला काळोख, ५० मायक्रोआर्कसेकंदांची (अंशाच्या ३६०० व्या भागाचा दहा लाखावा भाग म्हणजे एक). बीम ५० कोटी पटींहून रुंद झाला. ती सावली टिपायला पृथ्वीभरच्या दुर्बिणी २३० गिगाहर्ट्झवर एकत्र जुंपाव्या लागल्या. त्या चित्रांत डार्क मॅटर असं शोधतात: कण एकमेकांवर आदळून नष्ट होत असतील तर इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन निघतील, ते चुंबकीय क्षेत्रात घुमताना रेडिओ लहरी सोडतील आणि कड्याच्या आतला काळोख उजळेल. काळोख जितका गडद, तितका त्या कणांना वाव कमी. यासाठी एम८७ या दुसऱ्या दीर्घिकेचं विवर सोयीचं. आपलं मिनिटामिनिटाला रूप बदलतं.

१२ सेंमीचा डबा बाद. त्याची कटऑफ (जिच्या खालच्या लहरी आत शिरत नाहीत ती फ्रिक्वेन्सी) १४६५ मेगाहर्ट्झच्या आसपास येते आणि तुम्हाला हवी हायड्रोजनची १४२०.४, लहर आत शिरणारच नाही. १६ च्या वर गेलात तर दुसरा मोड (लहरीची वेगळी रचना) घुसतो. १५ सेंमीचा घ्या: बंद तळापासून ९.३ सेंमीवर एन कनेक्टर (केबल जोडायचं सॉकेट), त्याला ५ सेंमीची तांब्याची काडी. डबा निदान २८ सेंमी लांब हवा.

सह्याद्री_एसडीआर
ॲक्सिऑन (डार्क मॅटरचा एक संभाव्य कण) शोधणारे केंद्राजवळच्या मॅग्नेटारकडे (प्रचंड चुंबकीय क्षेत्राचा न्यूट्रॉन तारा) बघतात, २०१३ मध्ये सापडला तो. त्याच्या चुंबकीय क्षेत्रात ॲक्सिऑनची रेडिओ लहर होईल असा हिशोब. कणाचं वस्तुमान १ मायक्रो-इलेक्ट्रॉनव्होल्ट असेल तर लहर २४२ मेगाहर्ट्झची. पण व्हीएलए या अमेरिकेतल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीच्याही हाती तिथून सिग्नल नाही, फक्त मर्यादाच लागल्या, तेव्हा सहा फुटी डिशचं काय घेऊन बसलात!

खगोलवेडा_नाशिक
मग डिश धरू कुठे?

एकवीस_सेंमी
गरुड ते हंस, म्हणजे गॅलेक्टिक रेखांश (आकाशगंगेच्या पट्ट्यात केंद्रापासून मोजलेला कोन) ३० ते ८०. केंद्राजवळ, २० च्या आत, ताऱ्यांच्या मधल्या दांड्यामुळे वायू वर्तुळात फिरत नाही, वेग फसवे येतात. पृथ्वीच्या ३० आणि शेजारच्या ताऱ्यांच्या तुलनेत सूर्याच्या २० किमी/सेकंद गतीची दुरुस्ती आधी करा. मग हायड्रोजनच्या रेषेच्या सर्वांत वेगवान कडेत २२० (केंद्राभोवती फिरण्याची इथली गती, किमी/सेकंद) × साइन रेखांश मिळवा. केंद्रापासूनचं अंतर ८.५ × साइन रेखांश किलोपार्सेक. अंतरानुसार वेगाचा वक्र सपाट दिसेल, पण त्यावरून ‘डार्क मॅटर सापडलं’ म्हणू नका. इतक्या आत ताऱ्यांचं आणि वायूचंच वजन बरंचसं पुरतं. दिसणारं वजन वेगाला पुरत नाही हा खरा तिढा सूर्याच्या कक्षेबाहेर आहे, आणि तिथे ही पद्धत चालत नाही.

सह्याद्री_एसडीआर
ॲम्प्लिफायर डब्यालाच लावा, खोलीत नको. पुढची आरजी-६ (टीव्हीची) केबल चालते. बायस-टी (केबलमधूनच ॲम्प्लिफायरला वीज देणारी सोय) सुरू करायला विसरतात आणि मग तासभर नुसता नॉइज बघत बसतात. डोंगल १४२०.४ वर ट्यून केलं तर मधोमध त्याचाच खोटा काटा उभा राहतो, म्हणून ४०० किलोहर्ट्झ बाजूला ठेवा. एका दिशेला ५ मिनिटं पुरतात. दर वेळी डब्याऐवजी ५० ओहमचा टर्मिनेटर (नुसता रोध) लावून एक कोरा स्पेक्ट्रम घ्या आणि त्याने भागा. पावसाळ्यात ढगांची अडचण नाही, पण एन कनेक्टरवर सेल्फ-ॲमल्गमेटिंग टेप घट्ट गुंडाळा. पाणी शिरलं की रेषा हळूहळू बुजते, लगेच लक्षात येत नाही.